शालूमावशीचा अंगठा

माणूस भेटला की आपण नमस्कार करतो, हात मिळवतो, निदान "जेवलात का" तरी विचारतो. शालूमावशी आधी दाबून बघायची. मोठा माणूस असेल तर दंड, लहान मूल असेल तर पोट. उजव्या हाताचा अंगठा रुतवायचा, जरा थांबायचं, सोडायचं, आणि खड्डा कसा भरून येतो ते बघून निकाल द्यायचा.

आम्ही मुलुंडच्या ह्या सोसायटीत राहायला आलो तेव्हा टेम्पोतून कपाट उतरत होतं आणि मी सूचना देत होतो. सामान हलवताना मला तेवढंच जमतं. तळमजल्यावरून एक ठेंगणी बाई आली, गाऊनवर ओढणी, ओढणीला चिकटलेला पांढरा भुगा. तिने माझा दंड दाबला आणि वैशालीला, म्हणजे माझ्या बायकोला म्हणाली, "रिबॉन्डेड आहे गं तुझा नवरा. वरून घट्ट, आत सगळी चिंधी."

रिबॉन्डेड म्हणजे गादीवाल्याकडे उरलेले फोमचे रंगीबेरंगी तुकडे दाबून चिकटवून केलेला ठोकळा. हे मला कळलं तोवर रागवायची वेळ निघून गेली होती. वैशाली अजून हसते.

मावशी मूळची कुडाळकडची. नवरा गिरणीत होता, गिरणीबरोबर तोही गेला. मावशीने एका पॅकिंगच्या कारखान्यात वर्षानुवर्षं फोम कापला, आणि कारखाना बंद पडल्यावर घरीच शाळांच्या स्नेहसंमेलनांचे पोशाख आणि मुखवटे करायला लागली. फोमचे मुकुट, फोमच्या गदा, फोमची वांगी, फोमचे हत्ती. पुढच्या खोलीत छतापर्यंत फोम रचलेला असायचा आणि सून प्रीती त्यातून वाट काढत चहा आणायची. फोम चिकटवायच्या सोल्युशनच्या वासाने मावशीचं नाक कधीच कामातून गेलं होतं. तिच्या गॅसवर बांगड्याचं तिखलं करपायला लागलं की शेजारीण खिडकीतून ओरडायची, "शालू, करपलं!"

नाक गेल्याचं तिला काही वाटत नसे. म्हणायची, "नाक काय करायचं? माझा अंगठा आहे."

तो अंगठा खरंच होता. स्टेशनजवळच्या फोमच्या दुकानात जिग्नेशने चाळीस डेन्सिटी, म्हणजे दाट फोम, सांगून बत्तीसचा हलका तुकडा पुढे केला की मावशी डोळे मिटून दाबायची आणि भर दुकानात म्हणायची, "मेल्या, बत्तीस आहे हा. काट्यावर टाक." जिग्नेश काट्यावर टाकायचा, आकडेमोड करायचा, आणि गिऱ्हाइकांसमोर कान लाल करून आत जायचा. असं कितीदा झालं ते तो विसरला नव्हता. हे आत्ताच सांगून ठेवतो.

माझी तिच्याकडे पहिली वारी घडली ती दीपगृहामुळे. आमची मनू तेव्हा दुसरीत होती. शाळेत मॉडेल न्यायचं होतं. मी रविवारची अख्खी दुपार खर्चून थर्माकोलचं दीपगृह कापलं आणि भक्कम चिकटावं म्हणून चपला चिकटवायचं सोल्युशन भरपूर लावलं. दीपगृहाने आधी मान टाकली, मग कंबर, मग ते चुरचुरत स्वतःतच बसलं. मनू रडत होती. ते पातेलं घेऊन (हो, उरलेलं दीपगृह पातेल्यात मावत होतं) मी खाली गेलो.

मावशीने पातेल्यात डोकावून पाहिलं. "जहाजं बुडतात रे. दीपगृह बुडवणारा तूच पहिला."

मग तिने शिकवलंही, शिव्या घालत. थर्माकोलला सोल्युशन दाखवायचं नाही, ते त्याला खातं, त्याला सुताराचा पांढरा गम. स्पंज कापताना सुरी दाबायची नाही, लांब ओढायची, नाहीतर कड वाकडी येते. मुकुट-चिलखताला ईव्हीए, चपलेच्या तळव्याचा असतो तो. गरम हवा दिली की वाकतो आणि गार झाला की वाकलेलाच राहतो. "तुझ्यासारखा," ती म्हणाली, "लग्नात एकदा वाकवला की झालं." आणि निवडताना डोळे मिटायचे. गुलाबी रंगाला भुलून माणसं रद्दी फोम घेऊन जातात.

मी सुरी ओढली. कड वाकडी आली. तिने माझ्या हातातून सुरी काढून घेतली ती कायमची.

डिसेंबर लागला की सोसायटीतल्या आया पोरांना घेऊन तिच्या दारात रांगेने उभ्या. एकीला मुलीला चाफ्याची कळी करायचं होतं. मावशीने मुलीचं पोट दाबलं. "ही कळी? हा फणस आहे." आई तोंड पाडून निघाली होती. मावशीने तिला बसवून ठेवलं आणि पॅकिंगच्या फोमचे शेकडो टोकदार तुकडे एकेक करून चिकटवले. फणस स्टेजवर आला तेव्हा पहिल्या रांगेतल्या पाहुण्यांनी आपण होऊन पाय आखडून घेतले. पहिला नंबर. त्या मुलीला मात्र पुढे दहावीपर्यंत सगळे फणसच म्हणायचे. मावशीकडून बक्षीस मिळायचं आणि घावही मिळायचा, दोन्ही एकाच पिशवीत.

पहिल्या मजल्यावरच्या रेखावहिनींचं ऑपरेशन झालं, एका बाजूचा स्तन काढावा लागला. चार महिने त्या खाली उतरल्या नाहीत. आम्ही सगळे भले लोक. आम्ही त्यांच्या दारावरून आवाज न करता जायचो. मावशी मात्र टेप घेऊन वर गेली, आतून कडी लावली आणि तासाभराने बाहेर आली. आठवड्यात तिने दोन गाद्या, म्हणजे छातीला लावायच्या उशा म्हणा, शिवून दिल्या, एक अंगावर आणि एक धुवायला. मऊ फोम बाहेर, जरा दाट आत, आणि तळाला पुरचुंडी. रेखावहिनींनी हे पुढे वैशालीला सांगितलं, हसत आणि रडत. मावशी म्हणाली होती, "फोमला वजन नसतं, म्हणून एक खांदा वर चढतो. खाली मूग शिवलेत, काट्यावर तोलून. धुवायच्या आधी काढ, नाहीतर मोड येतील." आणि वर, "तुझ्या नवऱ्याला फरक कळणार नाही. त्याला आधी तरी काय कळत होतं?"

रेखावहिनी दुसऱ्या दिवशी भाजीला उतरल्या.

सव्वीस जानेवारीला सोसायटीची सत्यनारायणाची पूजा असते. जेवणं झाली की हॉलमध्ये कार्यक्रम, आणि कार्यक्रमात दरवर्षी मावशीचा खेळ. ओढणीने डोळे बांधायचे, आणि चिक्कीएवढे चौकोनी सात तुकडे एकामागून एक तिच्या हातात द्यायचे. ती अंगठा रुतवायची आणि सांगायची: "थर्माकोल, बारीक दाण्याचा." "ईव्हीए, कडक." "पीयू, म्हणजे आपला गादीचा स्पंज, बत्तीस." हॉल टाळ्या वाजवायचा. तुकडे द्यायचं आणि माइकवर बडबडायचं काम माझं. मला स्टेज आवडतं, आणि सोसायटीबाहेर मला कोणी माइक देत नाही.

ज्या पूजेची ही गोष्ट आहे, तिच्याआधीच्या वर्षी एक गोष्ट मी पाहिली होती आणि मला ती कळली नव्हती. मावशी तापलेल्या तारेवर फोम कापत होती आणि मान वळवून माझ्याशी बोलत होती. जळका वास आला. मला आला, तिला येणार कुठून. मी म्हटलं, "मावशी, काहीतरी जळतंय." ती म्हणाली, "फोम आहे." मी खाली बघितलं तर तारेला तिचं बोट टेकलेलं होतं. मी ओरडलो तेव्हा तिने बोट उचललं, बघितलं, आणि ओढणीत लपवलं. मी काय म्हणालो असेन? "मावशी, तू पण रिबॉन्डेड झालीस!" आणि स्वतःच हसलो. त्यानंतर तिच्या बोटांना कायम चिकटपट्ट्या असायच्या. मी त्यांवरही विनोद केले.

आता मनूचं. मनू बोलताना अडखळते. घरात कमी, चार लोकांत फार. चौथीत असताना वेशभूषेच्या स्पर्धेत तिचं नाव होतं, पोशाखासोबत चार ओळीही बोलायच्या होत्या. आम्ही मावशीकडे गेलो. परी करूया, वैशाली म्हणाली. दारात आणखी चारपाच आया उभ्या होत्या. मावशीने मनूचं पोट दाबलं, तिच्याकडे जरा वेळ बघत राहिली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "परी नको. पोस्टाची पेटी करते. हिचं तोंड झाकलं तर नंबर येईल."

दोघी हसल्या. एकीने "काय हे मावशी" म्हटलं आणि मग हसली.

समोरासमोर बोलायला लागतं ते माझ्याकडे नाही, तिने पहिल्याच दिवशी दाबून सांगितलं होतं. मनू लाल पेटीत शिरली, आतून बोलली. काय बोलली ते मी ऐकलंही नाही, इतका मी रागाने शिजत होतो. उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं. मी घरी येऊन वैशालीला म्हटलं, "सव्वीस तारखेला बघ. हिला एकदा सगळ्यांसमोर तोंडावर पाडतो."

"काय करणार आहेस?"

"गंमत."

मी वैशालीकडून ताटलीत इडली लावून घेतली. गार करून, फ्रिजमध्ये कोरडी करून, बरोबर चिक्कीएवढा चौकोन कापला. आयुष्यात पहिल्यांदा माझी कड सरळ आली. माझी कल्पना अशी, की मावशी दाबेल, किंचाळेल, "कोण रे तो मेला" म्हणून ओढणी फेकेल, मला चार शिव्या घालेल, हॉल हसेल, फिटंफाट होईल.

पूजा झाली, जेवणं झाली. मी ओढणी बांधली, एका हातात माइक घेतला, मोबाइल समोरच्या खुर्चीवर उभा करून चालू केला. पहिला तुकडा. "थर्माकोल, बारीक." टाळ्या. दुसरा. "ईव्हीए." टाळ्या. तिसऱ्याच्या जागी मी इडली ठेवली.

तिने अंगठा रुतवला. अंगठा आत गेला आणि इडली दुभंगली. ओलसर पीठ तिच्या नखाला लागलं. मी शिव्यांची वाट बघत होतो.

मावशी खणखणीत आवाजात म्हणाली, "पीयू. बत्तीस."

हॉल फुटला. पोरं लोळायला लागली, पहिल्या रांगेतल्या आजोबांना ठसका लागला. मीही हसलो, माइकवर हसलो, त्यामुळे माझं सगळ्यात मोठं ऐकू गेलं. मावशीच्या चेहऱ्यावरही हसू आलं, डोळे बांधलेलेच. माझ्या दिशेने मान करून तिने हळूच विचारलं, "काय झालं रे? बत्तीसच आहे ना?"

एक पोरगी ओरडली, "मावशी, इडली आहे, इडली!"

तिने ओढणी वर सरकवली. तळहाताकडे बघितलं. उरलेल्या तुकड्यात, आता उघड्या डोळ्यांनी, अंगठा पुन्हा रुतवला. सोडला. पुन्हा रुतवला. मग अंगठा तोंडात घातला आणि वैशालीकडे बघून म्हणाली, "मीठ कमी पडलंय गं."

लोक पुन्हा हसले. वैशाली हसली नाही. मावशी उठली, चपला शोधल्या, पायात अडकवल्या आणि गेली. एक चप्पल अर्धी बाहेरच होती, तशीच फरफटत.

मी काय करावं? मी तो व्हिडिओ सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. हसून डोळ्यांत पाणी आलेले तीन पिवळे चेहरे लावून.

संध्याकाळी जिन्यापाशी प्रीती भेटली. तिच्या हातात मावशीच्या औषधांची पिशवी होती. ती भांडली असती तर बरं झालं असतं.

"काका, आईंना शुगर आहे. दीड वर्ष झालं, बोटांना काही कळतच नाही."

"पण मागच्या वर्षी तर सातही बरोबर सांगितले तिने."

"तुम्ही दरवर्षी त्याच क्रमाने देता ना तुकडे. तिसरा बत्तीस." ती दाराकडे वळता वळता थांबली. "आई म्हणायच्या, बरं आहे तो आळशी आहे. नाहीतर माझी वाट लागली असती."

म्हणजे दीड वर्ष ती बाई माझ्या आळसावर उभी होती, आणि माझ्या उद्योगाने पडली.

घरी आलो तर मनू पेटीचं लाल झाकण घेऊन बसली होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "बाबा, त-तोंड झाकायचं मीच सांगितलेलं मावशीला. आ-आधीच, एकटी जाऊन. ती म्हणाली, सगळ्यांसमोर मी माझ्या नावावर बोलेन, तू गप बस. आत कोणी ब-बघत नाही ना. मी चारही ओळी न अडखळता बोलले. तुम्ही ऐकलंत ना?"

मी म्हटलं, "हो तर." आयुष्यात इतक्या पटकन खोटं बोललो नसेन.

व्हिडिओ मी काढून टाकला. तोवर तो पुढे गेला होता. शाळेतल्या एक बाई आमच्याच सोसायटीत राहतात. पुढच्या संमेलनाचे पोशाख मावशीकडे आलेच नाहीत; ते भाड्याने आणले, चकचकीत, सगळ्या पोरांना एकाच मापाचे. बाई म्हणाल्या, "आता त्यांना झेपत नाही हो. तुम्हीच नाही का तो व्हिडिओ टाकलात?"

मी माफी मागायला गेलो. दोनदा गेलो. पहिल्यांदा मावशीने दार उघडलं आणि म्हणाली, "काय, सांबार घेऊन आलास?" मी हसलो आणि परत आलो. दुसऱ्यांदा खिडकीतून पुढची खोली रिकामी दिसली, छतापर्यंतचा फोम गेलेला, भिंतीवर त्याच्या चौकोनी खुणा. आत टीव्ही चालू होता. मी बेल वाजवली नाही. जिना चढताना सुटल्यासारखं वाटलं, हेही लिहायला हवं.

मग तिला एकदाच नीट पाहिलं. स्टेशनजवळून येत होतो. जिग्नेशच्या दुकानासमोर फूटपाथवर फोमच्या लाद्या उभ्या केल्या होत्या आणि मावशी स्टुलावर बसली होती. चार बोटांना पट्ट्या. डोळे मिटलेले. फोमचा एक तुकडा तिने गालाला लावला होता, लहान मूल उशी धरतं तसा, आणि गालाने हळूहळू दाबत होती. ओठ हलत होते. तिने तुकडा बाजूला ठेवला. "हा अठ्ठावीस. दुसरा दे."

जिग्नेशने मला बघितलं. व्हिडिओ त्याच्यापर्यंतही पोचलेला असणार. त्याने मला डोळा मारला, खांद्यावरचा घाम पुसायचा टॉवेल काढला, चौघडी केली आणि मावशीच्या हातात दिला. मग माझ्याकडे बघत तोंड दाबून धरलं. आता तू आणि मी एका बाजूला, असं.

आणि मी हसलो. हसू आलं नव्हतं. तरी हसलो.

मावशीने टॉवेल गालाला लावला. लावताक्षणी म्हणाली, "मेल्या, टॉवेल आहे तुझो. धूत जा कधीतरी." डोळे उघडले. समोर मी. ते हसू अजून माझ्या तोंडावरच होतं. ते पटकन काढून ठेवायची सोय नसते.

"आज इडली नाही आणलीस?"

मी म्हटलं, "मावशी…"

"तो मगासचा चाळीसचा दे जिग्नेश. अख्खी लादी. हा उचलेल. हलकी असते, ह्याला झेपेल."

मी लादी उचलली. माझ्याहून उंच होती. समोरचं काही दिसत नव्हतं. मावशीच्या फरफटणाऱ्या चपलांच्या आवाजामागून मी रिक्षापर्यंत चालत गेलो. न बघता बोलायचं असेल तर ही वेळ बरी, असं वाटून फोमच्या मागून म्हटलं, "मावशी, माझं चुकलं."

"काय?"

"म्हटलं, चुकलं माझं."

"फोमच्या मागून बोलू नको. आवाज खातो तो." चपला थांबल्या. "समोर येऊन बोल."

मी लादी खाली टेकवली, समोर आलो. ती वाट बघत उभी राहिली. खरंच वाट बघत होती. मी तोंड उघडलं आणि विचारलं, "कोणाची ऑर्डर आहे एवढी?"

मावशीने माझा दंड दाबला. जरा थांबली. सोडला. निकाल दिला नाही.

"ऑर्डर कसली," रिक्षात चढताना ती म्हणाली. "माझ्याच पायांखाली. तळव्यांनाही कळत नाही आता. खिळा गेला परवा, संध्याकाळी प्रीतीने बघितला. चप्पल करायची आहे जाड."

मी लादी आत सरकवली. रिक्षात मावेना, शेवटी लादी मावशीच्या मांडीवर उभी राहिली आणि मावशी तिच्यामागे दिसेनाशी झाली. रिक्षा सुरू झाली. लादीच्या कडेला तिचा उजवा हात तेवढा बाहेर होता, धरायला. पट्टी गुंडाळलेला अंगठा फोममध्ये रुतत होता, थांबत होता, सुटत होता. खड्डा भरून यायचा, अंगठा पुन्हा रुतायचा. वळणापर्यंत मला तेवढंच दिसत होतं.